स्प्रिंगचा एक वेढा कापला तर?

आठवडा बाजाराच्या दिवशी दहिवडीला किंवा म्हसवडला रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभे राहा. आपला माणदेश मेंढरांचा प्रदेश. बाजार उठला की टेम्पोत मेंढरे चढू लागतात. एकेक मेंढरू आत जाते आणि टेम्पोचा मागचा भाग हळूहळू खाली बसतो. सुरुवातीला चाक आणि मडगार्ड यांच्यात हात सहज शिरेल एवढी फट होती. वीस मेंढरे चढली की ती डोळ्यांना दिसेल इतकी कमी होते.

आता दुसरे दृश्य पाहा. एखाद्या हौशी तरुणाने जुनी मोटार घेतली आहे. ती शर्यतीच्या गाडीसारखी बसकी दिसावी म्हणून त्याने गॅरेजमध्ये तिच्या पुढच्या स्प्रिंगांचा एकेक वेढा कापून टाकला आहे. तीही गाडी खाली बसली आहे.

दोन्ही गाड्या खालीच बसल्या. पण गंमत अशी की, मेंढरे भरलेला टेम्पो रिकाम्या टेम्पोपेक्षा मऊ चालतो, आणि स्प्रिंग कापलेली मोटार पूर्वीपेक्षा जास्त गचके देते. असे का व्हावे? हे कोडे नीट सुटले, तर स्प्रिंगचे शास्त्र तुम्हाला बरेचसे समजले असे म्हणायला हरकत नाही. आणि कुणी हौसेने गाडीची स्प्रिंग कापायला निघाला, तर त्याला थांबवण्यासाठी तुमच्याजवळ नुसता उपदेश नव्हे, आकडे असतील.

आधी एक प्रयोग

हार्डवेअरच्या दुकानातून एक मऊ, लांब ताणस्प्रिंग आणा. किंवा शाळेच्या प्रयोगशाळेतून मागून घ्या. ती भिंतीवरच्या खिळ्याला टांगा. खालच्या टोकाला तार बांधून प्लास्टिकचा डबा अडकवा. शेजारी मोजपट्टी उभी चिकटवा. आता औषधाच्या १०० मिलिलिटरच्या रिकाम्या बाटलीने डब्यात पाणी ओता. एक बाटली पाणी म्हणजे १०० ग्रॅम भार. प्रत्येक बाटलीनंतर स्प्रिंगचे खालचे टोक किती खाली आले ते वहीत लिहा.

पहिल्या बाटलीला स्प्रिंग कदाचित कमी ताणली जाईल, कारण नव्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. तो आकडा सोडून द्या. पुढे मात्र तुम्हाला दिसेल की, दर १०० ग्रॅमला स्प्रिंग जवळजवळ सारखीच लांबते. भार दुप्पट तर ताण दुप्पट. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने हा नियम १६७८ साली प्रसिद्ध केला. त्याच्या दोन वर्षे आधी त्याने तो अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला होता. शोध आपला ठरावा, पण इतरांना इतक्यात कळू नये म्हणून!

स्प्रिंग एक सेंटिमीटर लांबवायला किंवा दाबायला जेवढा भार लागतो, त्याला आपण त्या स्प्रिंगचा कडकपणा म्हणू. शास्त्रात भार न्यूटनमध्ये मोजतात. येथे सोयीसाठी आपण किलोमध्येच बोलू.

आता मेंढरांच्या टेम्पोकडे वळू. समजा, एका मेंढराचे वजन ३० किलो आहे. वीस मेंढरांचे ६०० किलो. त्यातील ५०० किलो भार मागच्या धुऱ्यावर आला, आणि फट ५ सेंटिमीटरने कमी झाली. म्हणजे मागच्या दोन्ही बाजू मिळून कडकपणा झाला सेंटिमीटरला १०० किलो. पाहा, एक मोजपट्टी आणि थोडे गणित एवढ्यावर तुम्ही गाडीच्या स्प्रिंगचे मोजमाप केलेत!

पाटा म्हणजेही स्प्रिंगच

टेम्पोखाली वाकून पाहिलेत, तर तेथे वेढ्यांची स्प्रिंग दिसणार नाही. पोलादाच्या लांब पट्ट्या एकावर एक रचून धनुष्यासारखी कमान केलेली दिसेल. हे कमानपाटे. मालमोटारी, जुन्या जीपगाड्या, ट्रॅक्टरमागचे टँकर या सर्वांत पाटेच सापडतील. ‘पाटा तुटला’ म्हणून रस्त्यात उभी राहिलेली मालमोटार आपल्याकडे कुणी पाहिली नाही?

एकच जाड पाटा न घालता पुष्कळ पातळ पाटे का घालतात? दोन सारख्या प्लास्टिकच्या मोजपट्ट्या घ्या. एक टेबलाच्या कडेबाहेर अर्धी काढून दाबून धरा आणि टोकाला वजन टांगा. मग दोन्ही एकावर एक ठेवून तेच वजन टांगा. वाक निम्मा होईल. म्हणजे कडकपणा दुप्पट झाला. पण या दोन पट्ट्या पक्क्या चिकटवून एकच जाड पट्टी केलीत, तर कडकपणा दुप्पट नव्हे, आठपट होतो! कारण वाकणाऱ्या पट्टीचा कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. जाड पाटा भार पेलेल, पण वाकणार नाही, आणि जास्त वाकवला तर मोडेल. पातळ पाट्यांची जुडी भारही पेलते आणि वाकतेही.

तीनशेचा नियम

आता कोड्याचा पहिला भाग सोडवू. तुमच्या प्रयोगातला डबा थोडा खाली ओढून सोडा. तो वर-खाली झुलू लागेल. मिनिटात किती हेलकावे होतात ते मोजा. पाणी वाढवा आणि पुन्हा मोजा. भार वाढला की हेलकावे संथ होतात.

गाडीही अशीच स्प्रिंगवर झुलत असते. तिच्यासाठी एक सोपा नियम आहे: गाडीच्या भाराने स्प्रिंग जितके सेंटिमीटर दबली असेल, त्या संख्येचे वर्गमूळ काढा आणि ३०० ला त्याने भागा. उत्तर म्हणजे दर मिनिटाचे हेलकावे. हा ३०० चा आकडा पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातून येतो.

रिकाम्या टेम्पोत मागे समजा ४०० किलो भार आहे. पाटे ४ सेंटिमीटर दबतील. ४ चे वर्गमूळ २. हेलकावे मिनिटाला १५०. मेंढरे भरल्यावर भार ९०० किलो, पाटे ९ सेंटिमीटर दबले. हेलकावे मिनिटाला १००. माणसाच्या अंगाला मिनिटाला ६० ते ९० हेलकावे सुखाचे वाटतात. १५० म्हणजे हाडे खिळखिळी! म्हणूनच रिकाम्या एस्.टी.च्या मागच्या बाकावर बसले की आपण उडतो, आणि भरलेल्या एस्.टी.त तितके उडत नाही. स्प्रिंग तीच; फक्त तिच्यावरचा भार बदलला.

यावरून ‘गाडी जितकी भरावी तितकी बरी’ असे मात्र समजू नका. पाटे दबायलाही मर्यादा असते. ती संपली की लोखंड रबराच्या ठोकळ्यावर आपटते आणि तेथून पुढे स्प्रिंग नसल्यासारखीच होते. मग काही गाडीवाले ‘एक पाटा वाढवू’ म्हणतात. चाराचे पाच सारखे पाटे केले, तर कडकपणा १०० वरून १२५ होईल. जास्त भार बसेल खरा. पण रिकाम्या गाडीचे पाटे आता ३.२ सेंटिमीटरच दबतील आणि हेलकावे होतील मिनिटाला सुमारे १६८. शिवाय ब्रेक, टायर आणि धुरा पूर्वीइतक्याच ताकदीचे राहिले. पाटा वाढवला म्हणून गाडीची वजन वाहण्याची लायकी वाढत नाही.

गाडी बसकी कशासाठी?

आता दुसऱ्या गाडीकडे येऊ. शर्यतीच्या आणि स्पोर्ट्स गाड्या बसक्या का असतात? नुसत्या ऐटीसाठी नव्हे. कडब्याने उंच भरलेली बैलगाडी उताराच्या वळणावर कशी कलते ते तुम्ही पाहिले असेल. तिचा गुरुत्वमध्य वर गेलेला असतो. मोटारीचेही तसेच. फलटणहून दहिवडीला येताना मोगराळे घाटाच्या वळणावर तुम्ही एका बाजूला ढकलले जाता. तेव्हा गाडीच्या आतल्या चाकांवरचा काही भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. गुरुत्वमध्य जितका खाली, तितका हा भार कमी सरकतो आणि चारही चाके रस्ता नीट धरून ठेवतात.

पण फायदा किती? हिशेब करू. समजा, गाडी ९०० किलोची, डाव्या-उजव्या चाकांतील अंतर १२५ सेंटिमीटर, गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटर उंचीवर. वळणावर बाजूचा जोर वजनाच्या निम्मा, म्हणजे ४५० किलो. सरकणारा भार = ४५० × ५० ÷ १२५ = १८० किलो. गाडी अडीच सेंटिमीटर खाली आणली तर उंची ४७.५, सरकणारा भार १७१ किलो. फरक नऊ किलोचा, म्हणजे शंभरात पाच! फायदा आहे, पण थोडा आहे.

या अडीच सेंटिमीटरची एक खरी गोष्ट मोटारींच्या इतिहासात आहे. इंग्लंडमध्ये अॅबिंग्डन येथे १९६२ पासून ‘एमजीबी’ नावाची दोन आसनांची स्पोर्ट्स गाडी तयार होत असे. तिला पुढे वेढ्यांच्या स्प्रिंगा आणि मागे पाटे होते. १९७४ मध्ये अमेरिकेतील नियमांत बसावी म्हणून कारखान्याने तिला रबराचे जड बंपर बसवले आणि दिव्यांची उंची वाढवण्यासाठी गाडीच एक इंच, म्हणजे सुमारे अडीच सेंटिमीटर, वर उचलली. पुढच्या वर्षी खर्च वाचवण्यासाठी, वळणावर गाडीला कलण्यापासून रोखणारा पुढचा दांडाही काढून टाकला. गाडी वळणावर झुकू लागली आणि चालवणारे नाराज झाले. शेवटी १९७७ च्या गाड्यांना पुढे आणि मागे असे दोन्ही दांडे बसवावे लागले. आजही त्या काळच्या एमजीबी जपणारे लोक गाडी पुन्हा मूळ उंचीवर आणतात. एका इंचाचा परिणाम जाणवला. पण तो एकट्या उंचीचा नव्हता. बंपरचे वजन, काढलेला दांडा आणि उंची हे सर्व मिळून तो झाला होता. गाडीतली एक गोष्ट बदलली की तिच्याबरोबर दुसऱ्या चार बदलतात, हे लक्षात ठेवा.

वेढा कापल्यावर काय होते?

आपल्या तरुणाने स्प्रिंगचा एक वेढा कापला. त्याला वाटले, गाडी खाली आली, बाकी सर्व तसेच राहिले. खरेच का?

पुन्हा खिळ्याला टांगलेल्या स्प्रिंगकडे जा. बरोबर मधल्या वेढ्याला रंगीत दोरा बांधा. आता भार टांगा. खालचे टोक ८ सेंटिमीटर खाली आले, तर दोरा ४ सेंटिमीटर खाली आलेला दिसेल. वरच्या अर्ध्या स्प्रिंगवर भार तेवढाच आहे, पण ती निम्मीच लांबली. म्हणजे अर्धी स्प्रिंग दुप्पट कडक! स्प्रिंगच्या प्रत्येक वेढ्यावर सारखाच भार येतो आणि प्रत्येक वेढा आपल्या वाट्याचे थोडे थोडे लांबतो. वेढे कमी केले की वाटेकरी कमी झाले, आणि स्प्रिंग कडक झाली. न कापताच हे सिद्ध झाले, होय ना?

आता मोटारीचा हिशेब. तरफेची गुंतागुंत सोडून देऊ आणि स्प्रिंग चाकावर सरळ उभी आहे असे समजू. स्प्रिंगचे वेढे ८, मोकळी लांबी ३६ सेंटिमीटर, कडकपणा सेंटिमीटरला २० किलो, आणि तिच्यावर भार २८० किलो. ती १४ सेंटिमीटर दबेल आणि २२ सेंटिमीटर उरेल. रबराच्या ठोकळ्यावर आपटण्यापूर्वी चाकाला आणखी ८ सेंटिमीटर वर यायला जागा आहे.

एक वेढा कापला. मोकळी लांबी ३१.५ सेंटिमीटर झाली. कडकपणा २० × ८ ÷ ७, म्हणजे सुमारे २२.९ किलो झाला. तोच भार आता तिला १२.२५ सेंटिमीटरच दाबतो. उरलेली लांबी १९.२५. गाडी पावणेतीन सेंटिमीटर खाली आली. हेलकावे मिनिटाला ८० होते, ते सुमारे ८६ झाले. मेंढरांच्या टेम्पोत स्प्रिंग जास्त दबल्यामुळे गाडी खाली आली होती. येथे स्प्रिंग कमी दबूनही गाडी खाली आली आहे. आपले कोडे येथे सुटते: गाडीची उंची आणि स्प्रिंगचा कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण खरी अडचण पुढेच आहे. ठोकळ्यापर्यंतची जागा ८ सेंटिमीटरवरून ५.२५ सेंटिमीटर झाली. पूर्वी ठोकळ्याला टेकवायला ८ × २०, म्हणजे १६० किलो जादा भार लागत असे. आता ५.२५ × २२.९, म्हणजे १२० किलोच पुरतो. स्प्रिंग कडक झाली, तरी गाडी आधीपेक्षा लवकर आपटणार!

खड्ड्याचा गचका सोसायचा तर आणखी एक नियम आड येतो. क्रिकेटचा चेंडू झेलताना तुम्ही हात मागे घेता. जितके अंतर जास्त, तितका फटका कमी. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणून चाकाच्या हालचालीची जागा निम्मी केली, तर तोच गचका सोसायला स्प्रिंग चौपट कडक लागते. आपल्या गाडीतील ८ चे ५.२५ भरून काढायला कडकपणा सुमारे ४६ हवा. आपल्याजवळ आहेत २२.९.

अजून एक धोका डोळ्यांना दिसत नाही. चाक खड्ड्यात पूर्ण लोंबकळले, की स्प्रिंगची जागा समजा ३२ सेंटिमीटर होते. मूळ ३६ सेंटिमीटरची स्प्रिंग तेव्हाही तेथे दाबून बसलेली असे. कापलेली स्प्रिंग मोकळी असतानाच ३१.५ सेंटिमीटरची. ती आपल्या जागेत सैल पडेल, सरकेल आणि कधी खोबणीबाहेर बसेल. वेगात असताना असे झाले तर काय होईल, ते सांगायला नकोच.

आणि वेढा कापायला गॅसची ज्योत वापरली असेल तर? लोहार कोयत्याला पाणी पाजतो, म्हणून त्याची धार टिकते. स्प्रिंगच्या पोलादालाही कारखान्यात तापवून, विझवून नेमका आब दिलेला असतो. गॅसच्या आचेने जवळच्या भागाचा आब जातो. तेथे ती बसते किंवा मोडते.

मग योग्य रीत कोणती?

गाडी खाली आणायचीच असेल, तर आखूड आणि जास्त कडक अशी स्प्रिंग मुद्दाम तयार करवून घ्यावी लागते. तार थोडी जाड केली तरी पुरते, कारण वेढ्यांच्या स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. तार फक्त एक दशांशाने जाड केली की कडकपणा जवळजवळ दीडपट होतो. स्प्रिंगबरोबर तिला शोभेल असा शॉक अॅब्सॉर्बरही लागतो. गॅरेजवाले ज्याला ‘शॉकप’ म्हणतात तोच. हेलकावे विझवणे हे त्याचे काम. स्प्रिंग बदलली आणि शॉकप तोच ठेवला, तर गाडी गचक्यानंतर झुलतच राहील. चाक लोंबकळताना स्प्रिंग सैल पडू नये, हेही त्याच्या लांबीवर अवलंबून असते.

पाट्याच्या गाडीत आणखी एक युक्ती आहे. धुरा पाट्याच्या वर बसवलेला असेल, तर दोघांमध्ये पोलादी ठोकळा घातला की गाडी तेवढीच खाली येते आणि पाट्याचा कडकपणा मात्र बदलत नाही. उंची आणि कडकपणा वेगळे, याचा हा आणखी एक पुरावा. पण ठोकळ्यावर आपटायची जागा येथेही कमी होतेच. तिच्यातून सुटका नाही.

तुमच्या आजोबांच्या वेळची फियाट आठवणाऱ्यांना विचारा. १९६४ पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिलाही पुढे वेढ्यांच्या स्प्रिंगा आणि मागे पाटे होते. मुंबईत तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली. हौसेने जपलेली अशी एखादी गाडी दिसली, तर वाकून पाहा. एकाच गाडीत दोन्ही प्रकार पाहायला मिळतील. आणि मालक स्प्रिंग कापायच्या विचारात असेल, तर त्याला वरचे चार आकडे दाखवा. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२व्या कलमानुसार, नोंदणीतील मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, हेही सांगा.

सपाट, गुळगुळीत शर्यतमार्गावर चाकाला दोन-तीन सेंटिमीटर हलायला मिळाले तरी चालते. आपल्या वाड्या-वस्त्यांच्या रस्त्यांवर मात्र ओढ्याचे पात्र ओलांडायचे असते, गतिरोधक असतात, मुरमाचे खड्डे असतात. येथे चाकाला मिळणारी हालचालीची जागा ही ऐटीपेक्षा मोलाची. ती कापून टाकायची नसते.

करून पाहा, विचार करा

१. घरच्या किंवा शेजारच्या गाडीची, ती उभी असताना, मडगार्डपासून चाकापर्यंतची फट मोजा. मागे चार जणांना बसवून पुन्हा मोजा. सर्वांच्या वजनावरून कडकपणा काढा.

२. उभ्या गाडीचा एक कोपरा हाताने दाबून सोडा. ती एकदा वर येऊन स्थिर होते, की झुलत राहते? झुलत राहिली, तर शॉकपविषयी काय म्हणाल?

३. आठ वेढ्यांच्या स्प्रिंगचे दोन वेढे कापले, तर कडकपणा किती पट होईल?

४. दोन सारख्या स्प्रिंगा एकीखाली एक जोडून टांगल्या, आणि मग शेजारी-शेजारी टांगल्या. दोन्ही वेळा कडकपणा किती? आधी उत्तर लिहा, मग खिळा ठोका.